खाच न मारलेला दस्ता

दादा,

माझं अक्षर तुला माहीत आहे, चौथीनंतर ते वाढलंच नाही. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला अजून नीट कळत नाही, आणि लिहिता लिहिता ओळ खाली घसरते. तेवढं सांभाळून घे. तोंडाने सांगितलं असतं तर हे वाचायचे कष्ट पडले नसते, पण तोंडाने मी कधी बोलले? एखाद वेळी धीर करून बोलायला गेले तर तू म्हणायचास, "हिरू, आता नको." असं आता नको, आता नको करत तू निघून गेलास. आता मी लिहिते आणि तू गप्प बस.

घरी माणसं येतात. नवापुरातली येतात, एडवणची मावशी येऊन गेली. सगळे एकच बोलतात, "काशिनाथ म्हंजे देवमानूस." मी चहा देते आणि मान हलवते. आत चुलीपाशी आले की माझा संताप होतो. देवमाणूस आईचा पलंग करवतीने कापत नाही.

त्याच्यापासूनच सुरू करते. तारापूरच्या पारशाचा बंगला पाडला तेव्हा आईने तो पलंग घेतला होता. टोपलीभर मासळी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईने अक्रोडाचा पलंग घेतला म्हणून गाव हसलं होतं. आई त्यावर झोपायची, म्हातारपणी त्यावरच पडून राहिली, आणि ती गेल्यावर मी त्यावर झोपायचे. नवरा गेल्यावर मी तुझ्या घरी परत आले तेव्हा तूच म्हणाला होतास, "पलंग तुजा." मग एके दिवशी मी बोईसरच्या बाजारातून सुके बोंबील विकून आले तर पलंग भिंतीला उभा आणि त्याची एका बाजूची जाड, लांब पट्टी नाही. तू ओट्यावर बसून तिला रंधा मारत होतास. बाजूला ती बंदूक पडली होती.

मी विचारलं, "दादा, यो काय केलंस?"

"असं लाकूड आता मिळत नाय गं. बाजारात सगला भुसा हाय."

"मी झोपू कशावर?"

"खाली झोप दोन दिस. सागाची पट्टी लावून देतो."

दोन दिवसांची पट्टी तू कधी लावलीस? पलंग अजून भिंतीलाच उभा आहे.

ती बंदूक बबनशेठने आणून दिली होती, सरावलीच्या रस्त्यावर ज्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे तो. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, मोडके ग्रामोफोन, सगळं पुसूनपासून काचेत ठेवतो. बंदूक इंग्रजांच्या वेळच्या कुठल्यातरी पलटणीची, तोंडाकडून दारू ठासून भरायची. तिची नळी कायमची बंद केलेली होती आणि कागद रीतसर होते, ते तू मला आधीच सांगितलंस कारण मी घाबरले होते. लोखंड चांगलं होतं. लाकडी दस्ता मात्र वाळवीने असा खाल्ला होता की बोटाने दाबला तर पीठ पडायचं. बबनशेठ म्हणाला, नवीन बसव, पण जुन्यासारखा दिसला पाहिजे.

आणि तू तो बसवलास. खोटं कशाला बोलू, तसं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. होडीचा सुतार तू, वीतभर जाडीच्या फळ्या ठोकणारा, आणि त्या दस्त्याला कानस अशी चालवत होतास जशी आई तान्ह्या पोराची नखं काढायची. जवसाचं तेल तळहाताने चोळायचं काम मला दिलंस. मी चोळत होते आणि आईच्या पलंगाचं लाकूड माझ्या हाताखाली गडद होत होतं. तू म्हणालास, "हिरू, हात फिरवून बग, कुठे खरखर लागते काय." मी फिरवला. नाही लागली. तेव्हा माझा राग गेला होता. पलंग गेला तर गेला, पण काहीतरी झालं त्याचं, असं वाटलं होतं मला. ते पण लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील हिरूला नुसतं भांडायचं आहे.

मग तू ते ठसे कोरलेस.

जुन्या दस्त्यावर एक मुकुटाचा ठसा होता, खाली पलटणीचा आकडा आणि दोन इंग्रजी अक्षरं. वाळवीने अर्धं खाल्लं होतं तरी बोटाला लागायचं. तू त्यावर पातळ कागद ठेवून कोळसा घासलास, ठसा कागदावर उतरवलास, आणि बारीक पटाशीने तो जसाच्या तसा नव्या लाकडात कोरलास. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरात हे कायमचंच होतं. होडीची पुढच्या टोकाची, नाळेकडची फळी कुजली की आबा ती बदलायचे आणि जुन्या फळीवरची घराची खूण नव्या फळीवर कोरायचे. खूण नसली तर होडी परकी होते, असं म्हणायचे. ज्याची होडी तो नारळ फोडायचा, आणि ती होडी तीच राहायची, तिच्या अंगावर आजोबाच्या वेळची एक फळी शिल्लक नसली तरी.

पण दादा, आबा त्या खुणेखाली एक खाच मारायचे. गव्हाच्या दाण्याएवढी. फळी एकदा बदलली तर एक खाच, दोनदा बदलली तर दोन. होडी विकायला काढली की घेणारा आधी नाळेखाली बोट घालून खाचा मोजायचा. खूण होडीची, खाच सुताराची, हे आबांनी तुला शिकवलं तेव्हा मी बाजूला जाळं सांधत बसले होते. तूही आयुष्यभर प्रत्येक होडीला खाच मारलीस. त्या दस्त्याला मारली नाहीस. मी पाहिलं होतं. आणि विचारलं होतं, "खाच?" एवढाच शब्द. तू दस्ता उलटा केलास आणि तेल मागितलंस.

ती बंदूक बबनशेठने पालघरच्या देशमुखसाहेबांना दीड लाखाला विकली. तुला आठ हजार दिले. देशमुखसाहेब म्हणजे विदर्भाकडचे, कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा त्याच पलटणीत होते म्हणे. आपल्याला हे काही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्या बंदुकीच्या दस्त्याची पितळी पट्टी ढिली झाली म्हणून त्यांनी बबनशेठला फोन केला आणि बबनशेठने तुला पाठवलं. त्यांच्या बायकोने माझ्याकडून सुके सोडे मागवले होते म्हणून मीही तुझ्याबरोबर आले.

तो दिवस मी विसरायचा प्रयत्न केला, पण नाही जमत. घरात चारपाच पाहुणे होते. सगळे जुन्या हत्यारांचे शौकीन. साहेबांनी बंदूक भिंतीवरून काढली, गालाला लावली आणि डोळे मिटले. पाहुण्यांना म्हणाले, "इथे गाल टेकवला ना, की वाटतं पणजोबांच्या शेजारी उभा आहे. हे लाकूड बघा. नळ्या काय, सगळ्याच सारख्या. पण हा ठसा, हे लाकूड, हे त्या पलटणीने हाताळलेलं. ओरिजिनल."

आईच्या पलंगाला गाल लावून ते बोलत होते, आणि मी दारात पिशवी धरून उभी होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

आणि तू, मूर्खा, तू पुढे झालास. तुझा चेहरा असा फुलला होता, जसा होडी पहिल्यांदा पाण्यात सोडताना फुलायचा. म्हणालास, "साहेब, यो ठसा मीच कोरलाय. गेल्या शिमग्याला. कलत नाय ना?"

एक पाहुणा हसला, तो साहेबांना हसला. साहेबांनी बंदूक गालावरून खाली घेतली.

"म्हणजे लाकूड?"

"लाकूड पण नवीनच साहेब. म्हंजे जुनंच, पण आमच्या पलंगाचं."

"आणि मूळचा दस्ता कुठे आहे?"

"तो वालवीने खाल्लेला."

"कुठे आहे ते विचारतोय मी. तेवढा आणून दे. तुकडे असतील तरी आण."

"चुलीत गेला साहेब."

खरंच गेला होता. कुजकी फळी चुलीत घालायची ही आपली रीत. त्यावर मी भात शिजवला होता आणि आपण दोघांनी मांदेलीच्या कालवणाशी खाल्ला होता. साहेब खुर्चीवर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "वाळवीची भोकं असती तरी मी ती बंदूक घेतली असती. तशीच ठेवली असती. तुला कळतंय का तू काय जाळलंस?" आणि मग पाहुण्यांसमोर एकच शब्द बोलले, "फसवणूक."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या माणसाचं काहीतरी हवं होतं, भोकं पडलेलं चाललं असतं, आणि आपण ते शिजवून खाल्लं. पण तू बोलायला हवं होतंस. आमच्यात होडीची खूण अशीच उतरवतात, आम्हाला तुमची रीत माहीत नव्हती, एवढं सांगायचं होतंस. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता दादा सांगेल. तू मान खाली घातलीस. म्हणालास, "ठसा माज्या हातचा, साहेब. पैसे मी फेडीन."

"सगळे?"

"सगले."

आठ हजार मिळवलेल्या माणसाने दीड लाख कबूल केले! बबनशेठ काखा वर करून मोकळा. तुला दुकानात बोलावून तुझ्यावरच ओरडला, "तोंड कशाला उघडलंस रे? माल विकला गेलेला, कस्टमर खूश, तू खूश, मी खूश. आता भर." आणि तू भरलेस. महिन्याच्या महिन्याला, पालघरच्या एस्टीत बसून, पाकिटात पैसे घालून. लाकडी होड्या कमी झाल्या, सगळे फायबरच्या घ्यायला लागले, तरी तू भरत राहिलास. कंपन्यांमध्ये मशीनची खोकी ठोकायला गेलास. तू, ज्याच्या हातची होडी तीस वर्षं गळायची नाही, तू खिळे मारून पॅकिंगची खोकी ठोकलीस. तिथले पोरगे तुला "ओ चाचा, जल्दी करो" म्हणायचे. माझे बोंबलाचे पैसेही त्यात गेले, त्याचं मला काही नाही. माझं भांडण वेगळं आहे. मी जेव्हा जेव्हा विचारलं की तू साहेबांना आपली रीत का सांगितली नाहीस, तेव्हा तू म्हणालास, "आता नको." मी म्हणाले, बबनशेठकडून अर्धे तरी माग. "आता नको." मी चार वर्षं एका गप्प माणसाला जेवायला वाढलं.

आणि तरीही तू मला त्या वर्षांत पावसाळी बूट आणलेस, कारण कंपनीच्या नाल्याच्या पाण्याने माझे पाय फुटायचे. बाजारात माझी टोपली तू उचलून द्यायचास, तुझी पाठ दुखत असताना. कुणी गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं आणि मी गप्प राहिले तर लांबून ओरडायचास, "ती बोलत नाय म्हंजे द्यायची नाय!" हे आठवलं की माझा राग पातळ होतो आणि मला तो पातळ व्हायला नको आहे.

तू गेल्यावर दहाव्याच्या आधी देशमुखसाहेब आले. गाडी लांब उभी करून वाळूतून चालत आले. ओट्यावर बसले. मावशीला म्हणाले, "बाई, अठरा हजार राहिलेत. ते सोडले मी. माणूसच गेला, आता कसले पैसे." चांगल्या मनाने म्हणाले. मावशीने हात जोडले. मी आतून ऐकत होते आणि मला इतका राग आला की माझ्या हातातलं ताट खाली पडलं. सोडले म्हणजे काय? सोडले म्हणजे तो फसवणारा होता आणि आम्ही माफ केलं. एवढी खोकी ठोकून शेवटी तू माफीवर सुटायचं? मी बाहेर आले. सगळे बघायला लागले, कारण मी बाहेर येत नाही. मी म्हणाले, "नाय सोडायचे. मी देते." पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून आत गेले.

माझ्याकडे अठरा हजार नव्हते. पण कोणाकडे आहेत ते मला माहीत होतं.

मी बबनशेठच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मला भांडता येत नाही, पण बसता येतं. सुक्या बोंबलांची टोपली उघडली, बाजूला जवळा आणि सोडे मांडले. आई उधारी अशीच वसूल करायची, ज्याने बुडवली त्याच्या दारात धंदा लावायचा. सकाळचं ऊन त्या टोपलीवर पडलं आणि वास त्याच्या काचेच्या कपाटांत शिरला.

बबनशेठ बाहेर आला. "ए मावशी, इधर नहीं. धंद्याची वेळ आहे."

"माजी पण," मी म्हणाले.

त्याने मला ओळखलं नाही. मी "काशिनाथची बहीण" म्हणाले तेव्हा ओळखलं, आणि आत गेला. मुंबईकडची एक जोडी गाडीतून उतरली, नाकाला रुमाल लावून परत गेली. दुपारी कंपनीतल्या बाया सुटल्या, त्या माझ्याकडे थांबल्या. इतका धंदा माझा बाजारात कधी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याने आधी पोलिसांचं नाव काढलं, मग चहा पाठवला. मी चहा प्याले आणि बसून राहिले. शेवटी तो स्वतःच पायरीवर उकिडवा बसला.

"काय पाहिजे तुला?"

"अठरा हजार."

"माझा काय संबंध? ठसे माझ्या हातचे होते का?"

"खाच नाय मारली त्याने. का नाय मारली?"

मी हे त्याला विचारायला आले नव्हते. तोंडातून निघून गेलं. आणि तो चिडून बोलून गेला, "अरे, मीच सांगितलं ना! तो म्हणत होता खाच मारतो, आमच्यात मारतात. मी बोललो, वेडा आहेस का, खाच मारली की कोण घेणार? तीन दिवस ऐकत नव्हता. मग दोन हजार जास्त बोललो, तेव्हा कुठे गप्प झाला. सहाचे आठ केले मी. फुकट नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. तू भोळा नव्हतास. तुला आपली रीत माहीत होती आणि तू ती दोन हजारांना दिलीस. त्या शिमग्याला तू विजेवरचा रंधा घेतला होतास, मला दाखवला होतास, "बग, कसा पलतो." म्हणून तू साहेबांना काही सांगितलं नाहीस. म्हणून तू 'सगळे' म्हणालास. आणि चार वर्षं मी तुला बावळट समजत होते, मनातल्या मनात तुझी बाजू मांडत होते, साहेबांशी भांडत होते. एकदा सांगायचं होतंस मला. मी काय करणार होते? गप्पच बसणार होते ना, नेहमीसारखी? मला सांगायला तुला कसली लाज? पलंग कापताना तर नाही वाटली.

मी पायरीवरच बसून होते. रडू आलं नाही. मी बबनशेठला म्हणाले, "दोन हजाराने तुमी त्याचा हात धरलात. उरलेले तुमी भरायचे." एवढं लांब वाक्य मी परक्या माणसाशी पहिल्यांदा बोलले. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे कुठलं मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. सकाळी मला टोपली उघडू न देता त्याने पैसे दिले, आणि वर म्हणाला, "एक किलो बोंबील दे, बायकोने सांगितलंय." मी पैसे घेऊन दिले. कमी नाही केले.

तिथून तशीच पालघरला गेले. साहेब घरी होते, त्यांची बायको आत होती. मी पैसे टेबलावर ठेवले आणि आधी बंदूक मागितली. त्यांनी आश्चर्याने बघितलं, पण दिली. मी ठशाखाली बोट घातलं. मला वाटत होतं, कुठेतरी बारीकशी मारली असशील, पट्टीच्या आड, सवयीने. सगळीकडून बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. मीच तेल चोळून गुळगुळीत केलेलं.

मी बंदूक परत दिली. म्हणाले, "साहेब, त्याला म्हाईत होतं. चुकला तो. म्हणून भरत होता."

ते पैसे माझ्याकडे सरकवायला लागले. मी हात मागे घेतले.

"मोजा," मी म्हणाले.

त्यांनी मोजले.

"आता बोला."

"काय बोलू?"

"काशिनाथने फेडले म्हणून."

"काशिनाथने सगळे पैसे फेडले," ते म्हणाले. "पूर्ण."

त्यांची बायको आवाज ऐकून बाहेर आली होती. मी त्यांना तिच्यासमोर पुन्हा एकदा म्हणायला लावलं.